ओठांवरचा सतराचा पाढा

डोळे मिटू नका. गोष्ट ऐकायला डोळे मिटावे लागत नाहीत, आणि या गोष्टीत तर उघड्या डोळ्यांचंच काम आहे. फक्त घटकाभर असं समजा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात. काही जण असालही, त्यांना हे सोपं जाईल. वर्गात तुमची उंची सगळ्यांत कमी, म्हणून रांगेत तुम्ही सगळ्यांत पुढे. सकाळची वेळ आहे. शाळेच्या पटांगणात पाचशे मुलं हात जोडून, डोळे मिटून उभी आहेत. समोर सिमेंटचा ओटा आहे, ओट्यावर माईक आहे, आणि पाचशे मुलं एका सुरात प्रार्थना म्हणताहेत. तुमचेही ओठ हलताहेत, पण तुमच्या ओठांवर प्रार्थना नाही. तुम्ही आवाज न काढता म्हणताय : सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न.

आणि मागून बुटांचा आवाज येतोय. टक, टक, टक. कुणीतरी रांगांमधून फिरतंय आणि एकेकाच्या ओठांकडे वाकून बघतंय.

जमलं का समजायला? मग आता तुम्ही मुंगी झालात.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. इवलीशी होती, सारखी काहीतरी वाहून नेत असायची, कधी आजोबांची खळीची वाटी, कधी आईची छत्री, म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे आणि शाळेतही तेच चिकटलं. आजोबा पुस्तकं बांधायचे. फाटलेली, पानं सुटलेली पुस्तकं लोक त्यांच्याकडे आणून द्यायचे आणि आजोबा ती शिवून, खळ लावून, पुठ्ठा चढवून पुन्हा धडधाकट करायचे. मुंगीची आई मुंगीच्याच शाळेत कचेरीत होती. प्रवेशाचं रजिस्टर, हजेरी, दाखले, सगळं तिच्या हातचं. बाबा मुंगी लहान असतानाच गेले, त्यामुळे घरात ही तीनच माणसं.

या घरची प्रार्थना निराळी होती. तिच्यात शब्द नव्हते. आठवड्यातून एकदा सात-आठ माणसं कुणाच्यातरी खोलीत जमायची, गोल बसायची, आणि बसूनच राहायची. डोळे उघडे, ओठ मिटलेले, दोन्ही हात मांडीवर आणि अंगठे मुठीच्या आत. बस्स, एवढंच. लहानपणी मुंगीला वाटायचं, मोठी माणसं रुसून बसलीत. मग एकदा आजोबांनी सांगितलं, "अगं, मोठ्याने म्हटलं की ते माणसांच्या कानात शिरतं आणि तिथेच अडकतं. आपल्याला ते पुढे पाठवायचं असतं. म्हणून गप्प."

"आणि अंगठे कशाला आत?"

"थंडी वाजू नये म्हणून," आजोबा म्हणाले आणि हसले. खरं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या आजोबांनी त्यांना असंच सांगितलं होतं. पण सवय अशी, की मुंगी घाबरली की तिचे अंगठे आपोआप मुठीत जायचे. अंधार असो की दात काढायचे असोत, अंगठे आत.

शाळा सरकारी होती, म्हणजे सगळ्यांची. फाटक एकच, पाण्याचा नळ एकच, आणि त्या नळावर भांडणंही सगळ्यांची एकत्र. पूर्वी सकाळी घंटा झाली की सगळे पटांगणात जमायचे. कुणाचा वाढदिवस असला तर टाळ्या, कुणाचा डबा हरवला असला तर सूचना, आणि चला वर्गात. दोन वर्षांपूर्वी नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. गावातल्या बहुतेक घरांतली ती प्रार्थना होती. दहा ओळींची, गोड चालीची. तिच्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, हे मुंगीला कळत होतं. मैत्रिणीच्या घरी तिने ती कितीदा ऐकली होती आणि तिथे ती तिला छानच वाटायची. पण ती मुंगीच्या घरची नव्हती, आणि 'तू म्हणशील का गं?' असं तिला शाळेत कुणी विचारलं नव्हतं.

"नुसते ओठ हलव," आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "कुणाच्या डोळ्यांवर येऊ नकोस."

नुसते ओठ हलवणं दिसतं तेवढं सोपं नसतं. करून बघा. थोड्याच वेळात ओठ कंटाळतात आणि माशासारखे दिसायला लागतात. म्हणून मुंगीने शोधून काढलं, की प्रार्थनेच्या ओळी दहा आणि पाढ्याच्याही दहा. त्यातून सतराचा पाढा त्या चालीवर असा नेमका बसायचा, की प्रार्थना संपायला आणि 'सतरा दाहे एकशे सत्तर' व्हायला एकच गाठ पडायची. दोन वर्षं ती रोज सकाळी सतराचा पाढा म्हणत होती.

ओठ बघायचं काम गणिताच्या बाईंकडे होतं. त्यांच्या बुटांना टाचा होत्या, त्यामुळे सगळी शाळा त्यांना टकटकबाई म्हणायची. अर्थात त्यांच्या माघारी. बाई उंच, कडक, हसताना कुणी पाहिलेल्या नाहीत. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे, फक्त बाईंचे उघडे. त्या रांगांतून फिरायच्या आणि ज्याचे ओठ हलत नसतील त्याच्या खांद्यावर बोट ठेवायच्या. एकदा त्या मुंगीपुढे येऊन थांबल्या. मुंगीला बंद डोळ्यांनीही ते कळलं, कारण टकटक थांबली. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी.

"ओठ नीट हलव," बाई हळूच म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

त्या दिवसापासून मुंगीला त्यांची जास्तच धास्ती बसली. त्यात भर म्हणजे गणिताच्या तासाला बाई इतरांना बाराचा, तेराचा, कुठलाही पाढा विचारायच्या, पण मुंगीला उभं केलं की दर वेळी सतराचाच.

"तुझ्यावर डूख धरलाय त्यांनी," मुंगीची मैत्रीण म्हणायची. तिला सगळे घंटी म्हणायचे, कारण ती एकदा वाजायला लागली की थांबायची नाही. "पण तुला येतो ना? मग काय! मला विचारला असता तर मी सतरा दुणेलाच चक्कर येऊन पडले असते."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या वर्षी शाळेवर एक समिती आली. गावातले चारपाच प्रतिष्ठित लोक. त्यातले एक गृहस्थ रोज सकाळी शाळेत येऊन ओट्याजवळच्या खुर्चीवर बसायला लागले. गुळगुळीत दाढी, स्वच्छ कपडे, मांडीवर छोटी काळी वही. आवाज इतका गोड, की तो कानावर पडला की मुलं आपोआप गप्प व्हायची. मुलं त्यांना वहीवाले काका म्हणायची. ते कुणावर ओरडले नाहीत. ते फक्त लिहायचे.

मग शिक्षकांना एक अर्ज भरायला दिला. नाव, पत्ता, शिक्षण आणि शेवटी एक रकाना : धर्म. चित्रकलेच्या सरांनी तो रकाना कोरा ठेवला. वहीवाले काका म्हणाले, "सर, एवढं राहिलं की." सर म्हणाले, "मी मुलांना झाड काढायला शिकवतो. झाडाला याची गरज पडत नाही." शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसलं. हसणारा एकटाच होता, म्हणून तोही लगेच थांबला.

पुढच्या सोमवारी सर आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. चित्रकलेच्या वर्गात खुंटीवर त्यांचा रंगांचे डाग पडलेला कोट तसाच लटकत राहिला. ते कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही. मुलंसुद्धा विचारत नव्हती, आणि मुलं ज्या गोष्टीबद्दल विचारत नाहीत ती गोष्ट साधी नसते.

त्याच आठवड्यात मुंगीच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे लोकांनी कपडे टाकणं एकाएकी बंद केलं. त्यांनी काही वाईट शिवलं नव्हतं. महिन्यातून एकदा त्यांच्या खोलीत सात-आठ माणसं येऊन गप्प बसतात, एवढंच कुणालातरी कळलं होतं. मुंगी शाळेतून येताना बघायची : बाई शिलाई मशीनपुढे बसलेल्या, पाय पायडलवर, आणि मशीनमध्ये कापडच नाही.

आणि मग सूचना आली. आता पाचवीची मुलं हजेरीक्रमाने, रोज एक, ओट्यावर येऊन माईकवर प्रार्थना सांगतील. पहिली ओळ त्या मुलाने एकट्याने म्हणायची, मग सगळी शाळा तिच्या मागून.

मुंगीचा क्रमांक तेवीस.

तुम्ही कधी असे दिवस मोजलेत का? सुट्टीचे मोजतो तसे नव्हे, उलटे. एक नंबर झाला, दोन झाला. सात नंबरचा अडखळला, तेव्हा काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. बारा नंबरला ताप आला, तर मुंगीला आनंद झाला, की एक दिवस वाढला. पण तसं झालं नाही. त्या दिवशी तेरा नंबरला बोलावलं आणि तिचा एक दिवस उलट कमीच झाला. तिला रात्री जेवण जाईना. वर्गात बाकावर बसल्या बसल्या तिचे अंगठे मुठीत जायचे आणि ती दचकून ते बाहेर काढायची.

बावीस नंबर घंटीचा होता. ती ठणठणीत आवाजात म्हणाली, मध्येच माईकवर शिंकली आणि खाली येऊन मुंगीच्या कानात पुटपुटली, "देव म्हणाला असेल, या पोरीला आधी काढा पाजा." एरवी मुंगी पोट धरून हसली असती. आज ती नुसती ओट्याकडे बघत राहिली.

"ए, तू पांढरी का पडलीस? उद्या तुझा नंबर म्हणून? हात्तेच्या! दहा ओळी तर आहेत. रोज तर म्हणतेस."

"हो," मुंगी म्हणाली. "रोज तर म्हणते."

शाळा सुटल्यावर ती कचेरीत गेली. आई एकटीच होती. टेबलावर प्रवेशाचं मोठं रजिस्टर उघडं होतं आणि आई त्याच्याकडे नुसती बघत बसली होती. मुंगीच्या आईची एक पद्धत होती. रजिस्टरमधली प्रत्येक नोंद ती आधी पेन्सिलने करायची, दोनदा ताडून बघायची आणि मग तिच्यावर शाई फिरवायची. त्यामुळे तिच्या रजिस्टरात एक खाडाखोड सापडायची नाही.

"इकडे ये," आई म्हणाली. "दार लोट आधी."

मुंगीने दार लोटलं. आईने एका ओळीवर बोट ठेवलं. ती मुंगीचीच ओळ होती. नाव शाईने, जन्मतारीख शाईने, पत्ता शाईने. शेवटच्या रकान्यात एक शब्द होता, पेन्सिलने लिहिलेला, पुसट. तो गावातल्या बहुतेकांच्या धर्माचा होता. मुंगीच्या घराचा नव्हता.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"पण हे खरं नाही ना, आई?"

"हळू बोल!" आईने खिडकीकडे बघितलं. पटांगण रिकामं होतं. तरी तिने आवाज आणखी खाली आणला. "तुला शाळेत घातलं तेव्हा लिहिलं. तेव्हा कुणी बघत नव्हतं. म्हटलं, असू दे, नडणार तर नाही. पण शाई फिरवायचा धीर झाला नाही, आणि खोडायचाही झाला नाही. पाच वर्षं हे असंच आहे, मुंगे. रोज रजिस्टर उघडते तेव्हा पहिल्यांदा हेच पान डोळ्यांपुढे येतं."

"मग आता?"

"उद्या दुपारी समिती रजिस्टर तपासणार आहे. पेन्सिलीचं दिसलं की विचारतील, हे का राहिलं. कोरं दिसलं तर..." आई थांबली. तिच्या डोळ्यांपुढे खुंटीवरचा कोट आला असावा, कारण मुंगीच्या डोळ्यांपुढे तोच आला होता. "म्हणून ऐक. उद्या सकाळी तू पाचशे मुलांपुढे प्रार्थना म्हणशील. सगळे ऐकतील. ते गृहस्थही ऐकतील. मग मी यावर शाई फिरवेन आणि विषय मिटेल. कुणी पुन्हा आपल्याकडे बघणार नाही."

"कायमचं?"

"कायमचं."

मुंगीने त्या पुसट शब्दाकडे पाहिलं. तिला एकदम वाटलं, त्या शब्दावर शाई फिरली, की आजोबा, शिंपीणबाई, ती गोल बसणारी माणसं एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला. आणि शाई फिरली नाही तर आई खुंटीवरच्या कोटासारखी. तिला रडू येत होतं, पण कचेरीत रडलेलं कुणी पाहिलं तर, या भीतीने तिने ते आवरलं.

"आई, तुला भीती वाटते?"

मोठी माणसं देतात ते उत्तर आई देणार होती. तिने तोंडही उघडलं. मग म्हणाली, "खूप."

घरी आजोबा एका जाड पुस्तकाला टाके घालत होते. मुंगीने त्यांना खळीची वाटी आणून दिली आणि शेजारी बसून सगळं सांगितलं. आजोबांनी मध्येच थांबवलं नाही. फक्त सुई दोन वेळा चुकीच्या भोकात घातली, आणि ते कधी चुकत नसत.

"तुम्ही काय केलं असतं?" मुंगीने विचारलं.

"मी?" आजोबांनी दोरा ओढला. "मी दहा वर्षांचा असताना असा माईक नव्हता, मुंगीबाई. मला कुणी विचारलंच नाही. तुला मी 'म्हणू नकोस' असं सांगू? मग तुझ्या आईचं काय? 'म्हण' असं सांगू? मग ते मी म्हटल्यासारखं होईल, तू नाही."

"म्हणजे तुम्हाला येत नाही उत्तर."

"नाही येत," आजोबा म्हणाले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तिची मूठ हलकेच उघडली. अंगठा आत होता. "मात्र एवढं सांगतो. जे करशील ते डोळे उघडे ठेवून कर. घाबरलेलं माणूस डोळे मिटतं आणि मग त्याला अंधारच दिसतो."

सकाळ झाली. मुंगीला चहा-दूध काही गेलं नाही. आईने तिची वेणी इतकी घट्ट घातली, की भुवया वर ओढल्या गेल्या. फाटकापाशी आईने तिचा हात सोडला, ती कचेरीच्या पायऱ्या चढली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली.

घंटा झाली. रांगा लागल्या. वहीवाले काका खुर्चीत बसले आणि त्यांनी वही उघडली.

"क्रमांक तेवीस," मुख्याध्यापक म्हणाले.

ओट्याला पाच पायऱ्या होत्या. दोन वर्षांत मुंगीने त्या कधी मोजल्या नव्हत्या, आज मोजल्या. माईक तिच्यासाठी फार उंच होता. मुख्याध्यापकांनी दांडा खाली ओढला तेव्हा कर्ण्यातून कर्र आवाज आला आणि पुढची काही मुलं हसली. मग सगळी शाळा हात जोडून उभी राहिली आणि पाचशे जोडी डोळे मिटले. मुख्याध्यापकांनी मिटले. काकांनीही वही मांडीवर ठेवून मिटले.

"म्हण, बाळ," मुख्याध्यापक डोळे मिटूनच म्हणाले.

मुंगीला पहिली ओळ ठाऊक होती. दुसरीही. दहाच्या दहा तोंडपाठ होत्या, दोन वर्षं रोज ऐकून कुणाला येणार नाहीत? पण तिने तोंड उघडायला घेतलं तेव्हा जिभेवर आलं ते 'सतरा एके'. तिने ते गिळलं. घशाला इतकी कोरड पडली होती, की गिळण्याचा आवाज माईकमधून सगळ्या पटांगणावर ऐकू गेला. डोळे मिटून घ्यावेत आणि जे होईल ते होऊ द्यावं, असं तिला वाटलं. पापण्या खाली यायलाही लागल्या.

आणि मग तिला आजोबांचं बोलणं आठवलं. तिने डोळे उघडले, चांगले टक्क उघडले.

इतके दिवस ती रांगेत सगळ्यांत पुढे असायची. तिला समोरचा ओटाच दिसायचा, मागचं काही नाही. आज पहिल्यांदाच तिला सगळी शाळा समोरून दिसत होती. मिटलेले डोळे, जोडलेले हात, घंटीच्या नाकाचा लाल शेंडा. आणि या सगळ्यांच्या मधोमध, दोन रांगांमध्ये, टकटकबाई. त्या आज फिरत नव्हत्या. जागच्या जागी उभ्या होत्या आणि त्यांचे उघडे डोळे सरळ मुंगीवर होते.

बाईंना हात जोडावे लागत नसत, त्यांचं काम ओठ बघायचं. त्यामुळे त्यांचे हात दोन्ही बाजूंना सरळ खाली होते. मुठी वळलेल्या. मुंगीची नजर त्या मुठींवर गेली आणि तिथेच खिळली.

बाईंचे अंगठे आत होते.

मुंगीला आधी वाटलं, आपल्याला भास होतोय. तिने पुन्हा पाहिलं. दोन्ही मुठी, दोन्ही अंगठे, घरी असतात तसे. आणि मग तिला एकामागून एक सगळं आठवायला लागलं. बाई तिच्यापुढे थांबल्या होत्या ते. 'ओठ नीट हलव', हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं. सतरा चोक अडुसष्टला ओठ कसे होतात, हे गणिताच्या बाईंना कळलं नसेल? दर वेळी सतराचाच पाढा. तो डूख नव्हता. 'मला ठाऊक आहे' एवढंच त्या सांगत होत्या, आणि सांगायला दुसरी जागा नव्हती. दोन वर्षांत त्यांनी मुंगीच्या खांद्यावर एकदाही बोट ठेवलं नव्हतं.

बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा होता. मुंगीच्या लक्षात आलं, की त्या तिच्याइतक्याच घाबरल्या आहेत. कदाचित जास्त. आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ अगदी सावकाश, लहान मुलाला शिकवताना हलवतात तसे हलत होते. मुंगीने ते वाचले. ती प्रार्थनेची पहिली ओळ होती. म्हण, बाळ. म्हणून टाक. मी नाही का दोन वर्षं म्हणत? ओठ असं सांगत होते, आणि खाली अंगठे मुठीत होते.

मुंगीच्या मनात आलं, आपणही मोठे झालो की असेच. एखाद्या पटांगणात उभे राहू आणि दुसऱ्याच्या मुलांचे ओठ बघत फिरू.

"म्हण ना," मुख्याध्यापकांनी एक डोळा किलकिला केला.

खुर्ची करकरली. काकांनी वही हातात घेतली होती. अजून डोळे उघडले नव्हते, पण उघडणार होते. वर कचेरीच्या खिडकीत आई उभी होती, एक हात तोंडावर आणि दुसऱ्या हातात काहीतरी बारीक, लांब. पेन की पेन्सिल, ते इतक्या दुरून कळत नव्हतं.

मुंगी चवड्यांवर उभी राहिली. तिने माईक दोन्ही हातांनी धरला, कारण तो हलत होता. खरं तर ती हलत होती.

"आज," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. तिने पुन्हा म्हटलं, "आज ज्याची त्याने आपापली प्रार्थना म्हणायची. आपल्या घरची. मनातल्या मनात, आवाज न करता. ज्याला कुठलीच येत नाही, त्याने नुसतं गप्प उभं राहायचं."

पाचशे मुलांना माईकवरून आलेलं ऐकायची सवय होती. कुणी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या रांगेत कुणीतरी सवयीने पहिल्या ओळीचा पहिला शब्द म्हणालं, घंटीने त्याला कोपर मारलं आणि तो शब्द तिथेच विरला. पटांगणावर शांतता पसरली. मुंगीने अशी शांतता फक्त सात-आठ माणसांची पाहिली होती.

वहीवाल्या काकांचे डोळे उघडले. ते तिच्याकडे बघू लागले आणि त्यांनी वहीचं पान उलटलं.

मग मुंगीने माईक सोडला आणि ती एक पाऊल मागे सरकली. तिने हात पाठीमागे लपवले नाहीत. सगळ्यांना दिसतील असे समोर धरले, अंगठे मुठीच्या आत घेतले, डोळे उघडे ठेवले. आणि दोन वर्षं रोज सकाळी हलणारे ओठ तिने मिटून घेतले.